दक्षिणेकडे पाय

जेवणं आटोपली आहेत. वीज गेली आहे आणि वैशाखातली दुपार घामाने नुसती चिकचिकते आहे. मी मधल्या खोलीत चटई टाकते आणि आज मुद्दाम दक्षिणेकडे पाय करून आडवी होते. आमच्यात मेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेकडे करतात, जिवंत माणसाने तसं झोपायचं नसतं. माघात ह्यांना तसंच ठेवलं होतं. मला आता एकटीने मागे राहायचा कंटाळा आलाय. यमाला बोलावणं धाडायचा दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.

डोळा लागतो न लागतो, तोच पाठीखालची फरशी खडबडीत होते. हा तर गावामागचा सडा, तोच गार कातळ. वर छप्पर नाही आणि रात्र पडली आहे. शेजारी हे पडलेत, उशाला हात घेऊन.

"आलीस होय, शालन? तो बघ त्रिशंकू. पतंगासारखा उभा राहिलाय."

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना ताऱ्यांचं वेड. त्रिशंकू अगदी क्षितिजालगत दिसतो, म्हणून दर वैशाखात सड्यावर येऊन दक्षिणेकडे पाय करून पडायचे. आणि मी दर वेळी कटकट करत चटईसकट ह्यांना फिरवायची. त्यामुळे तो मेला त्रिशंकू मला कधी दिसलाच नाही. आज दिसतो. चार तारे, एवढासा जीव.

"ह्याच्यासाठी एवढा सोस?" मी विचारते.

हे हसतात. हसताना खोकत नाहीत. ते बघून मला बरं वाटतं आणि रडूही येतं.

"उजवीकडे अगस्ती. मावळायला आलाय."

उजवीकडे बघते तर आमचं स्वयंपाकघर. भांड्यांच्या फळीवर अगस्ती लुकलुकतोय आणि हे ओट्याशी उभे राहून चहाचं आधण ठेवताहेत.

"अगस्ती दक्षिणेला गेला तो गेलाच," मी म्हणते. "तो विंध्य बिचारा अजून वाकून बसलाय, हा परत येईल म्हणून."

"तू नको बसूस तशी. आधीच तुझी पाठ धरते."

"चेष्टा पुरे. मला न्यायला आलात ना?"

हे आधणात चहा टाकतात. आम्ही पुन्हा सड्यावर आहोत.

"डावीकडे ते दोन ठळक तारे बघ. पुढचा मित्रक, मागचा मित्र. मागून येतो तो जास्त तेजस्वी."

"मला तारे नकोत. मला तुम्ही हवे आहात."

"ठाऊक आहे गं."

हे उठतात, माझ्या पायाशी येऊन बसतात आणि माझे दोन्ही घोटे धरतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. नवऱ्याने बायकोच्या पायांना हात लावायचा असतो का कधी?

"अहो, सोडा. पाप लागेल मला."

सोडत नाहीत. त्रिशंकू हळूहळू बाजूला सरकतो, मग माझ्या डोक्यामागे जातो. हे मला फिरवताहेत. ते कळल्यावर मी लहान मुलीसारखी हुंदके देते.

"अहो, नका ना. येऊ द्या मला."

"अजून नाही, शालन."

पंखा सुरू झालेला असतो. माझी सून केतकी दारात उभी आहे.

"आई, पायांना काय लागलं हे?"

मी उठून बघते. दोन्ही घोट्यांवर लाल मातीने उमटलेली बोटं.

"सड्यावर गेला होतात की काय एवढ्या उन्हात? पाय धुऊन या, मी चहा टाकते."

"चहा टाक," मी म्हणते. "पाय मी आज धुणार नाही."