ताईच्या अंगणातलं अर्थिंग

भाऊबीजेनंतरचा शनिवार, गोंदियाजवळचं मुर्री. हजर: ताई, भाऊजी, मी आणि माझी इलेक्ट्रिक गाडी. वायरमन रविवारी सकाळी आला, त्यामुळे त्याची हजेरी रविवारच्या पानावर आहे.

कुठे गेले की मी वहीत अशी नोंद करते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि ज्या गावची मंडई त्या गावात घरोघर पाहुणे. ताईकडे मंगळवारी दहा-बाराजण यायचे होते. अंथरुणं, चादरी, भांडी एकटीला उरकणार नाहीत म्हणून मी शनिवारीच नागपूरहून गेले. रविवारी दुपारी परत निघायचं होतं, कारण सोमवारी ऑफिस होतं.

पोचले तेव्हा ताई पडवीत मशीनला चादरी लावत होती. पायात रबरी चप्पल, चपलेखाली लाकडी पाट, आणि मशीनचं झाकण ती कोरड्या फडक्याने धरून उघडत होती.

"हे काय गं?"

"चावते मशीन," ती म्हणाली. "मुंग्या येतात हाताले."

"दोन सालापासून चावून राहिली तिले," भाऊजी खुर्चीतून म्हणाले. "मले तं एक दिवस नाही चावली."

"तुम्ही हात कधी लावला तिले?"

भाऊजी हसले, मीही हसले. वहीत मी त्यातलं काही लिहिलं नाही. त्याच वेळी लिहायला हवं होतं, पण माझं लक्ष गाडीकडे होतं.

दुसऱ्याच्या घरी गाडी चार्ज करायची माझी एक यादी आहे. गाडीच्या कप्प्यात ती चिकटवलेली असते. आधी घरच्यांना विचारायचं. मोठा सोळा अँपियरचा सॉकेटच वापरायचा, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. वायरची गुंडाळी पूर्ण सोडायची आणि ती कुणाच्या पायात येणार नाही अशी भिंतीकडेने न्यायची. चार्जिंग चालू असताना पाण्याची मोटर आणि गीझर बंद. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघायचं, गरम लागला तर काढायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चार्जरच्या डबीवरचा दिवा हिरवा आहे का ते बघायचं. लाल असेल तर घरात अर्थिंग नाही, म्हणजे बिघाडाने बाहेर आलेली वीज जमिनीत जायला वाट नाही.

भाऊजींनी मशीनशेजारचा सॉकेट दाखवला. मी डबी लावली. लाल. स्वयंपाकघरात लावून बघितली, बैठकीत बघितली. लाल, लाल.

"काऊन वं साळीबाई? आमच्या घरची लाइट तुझ्या गाडीले चालत नाही का?"

"लाइट चालते भाऊजी, अर्थिंग नाही. मी गोंदियात सार्वजनिक चार्जरवर जाऊन येते, फार दूर नाही."

हे बोलले आणि चुकलं हे लगेच कळलं. भाऊजींच्या घरी पाहुण्याने बाहेर जेवून येणं आणि बाहेर गाडी चार्ज करून येणं यात काही फरक नव्हता.

"शेजारच्याची ई-रिक्षा रोज इथल्याच लाइटवर चार्ज होते, तिले काही लागत नाही. तुझ्याच गाडीचे नखरे," ते म्हणाले. "उद्या वायरमनले बोलावतो. हिरवा करून दाखवतो तुले."

रविवारी चहाच्या वेळेला वायरमन आला. त्याने डबीवरचा लाल दिवा बघितला, बोर्ड उघडला आणि हसला.

"टेन्शन नका घेऊ म्याडम. सॉकेटमधी न्यूट्रलचा एक तुकडा अर्थिंगले जोडतो. दोन मिनटात हिरवा."

"पाह्य, होते हिरवा!" भाऊजी मला म्हणाले.

"तसं नको," मी म्हटलं. "डबी फसेल, पण घर नाही फसणार. उद्या न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी तार कुठे तुटली तर त्या सॉकेटला जे लावाल त्याच्या पत्र्यात करंट येईल."

वायरमनने डोकं खाजवलं. "ते तं आहे. पण सगळे असंच करून राहिले."

तेव्हा मला पाट आठवला. "दादा, तुमचा टेस्टर मशीनच्या पत्र्याला लावा."

ताईने मशीन चालू केली. टेस्टर टेकताच त्यातला दिवा लागला. वायरमनने दुसरीकडे लावून बघितला, तिथेही लागला. मग ताई फडकं घडी करत म्हणाली, "दोन सालापासून सांगून राहिली मी."

"काकू, आज मुंग्या आहेत. आतमधी तार सुटली आन् हात ओला असला, तं मुंग्या नाही राहत," वायरमन म्हणाला आणि त्याने स्वतःच प्लग काढला.

बोर्डातली हिरवी तार शोधत तो अंगणात आला. तार भिंतीवरून खाली येत होती आणि फरशीच्या ठोकळ्यांखाली नाहीशी होत होती.

"अर्थिंगचा खड्डा कुठी आहे?"

"नळाजवळ होता," ताई म्हणाली. "उन्हाळ्यात मी बादलीभर पाणी टाकत होती त्याच्यात. पोरीच्या लग्नात अंगण बांधलं."

"आन् खड्ड्यातला पाइप?"

ताईने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी घसा खाकरून म्हणाले, "वर निघून होता, वीतभर. तिथंच मांडव. नवरदेवाच्या पायात आला असता. मीच कापाले लावला."

लग्न दोन वर्षांपूर्वी झालं होतं. हिशेब करायची गरज कुणालाच पडली नाही. भाऊजी आत जाऊन लोखंडी सब्बल घेऊन आले आणि स्वतः चार ठोकळे उचकटून भिंतीला लावून ठेवले. खालचा मुरूम धुमसाने ठोकून बसवलेला, जुना खड्डा त्यात गायब. वायरमन म्हणाला, नवा खड्डा माणसाच्या उंचीएवढा लागेल, पाइप, कोळसा, मीठ लागेल, आणि खणायला दोन माणसं. मंडईच्या आठवड्यात माणसं मिळणार नाहीत.

मी उरलेल्या चादरी ताईबरोबर हातानेच पिळल्या, मग गोंदियाला जाऊन गाडी चार्ज केली. या वेळी भाऊजी सोबत आले आणि चार्जरपाशी उभे राहून हिरवा दिवा बराच वेळ बघत राहिले.

"तुझी गाडी लाल झाली नसती तं," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

बुधवारी मी फोन केला. ठोकळे परत बसवले होते, पाहुण्यांना ठेच लागत होती म्हणून. त्याच्या पुढच्या आठवड्यात धान कापणी लागली. त्यानंतर मळणी. वायरमन बाहेरगावी. दर फोनला मी एकच विचारते.

"प्लग?"

"काढलेलाच आहे. पण लहाने, पाणी लय थंड झालं आता. एखाद दिवशी लावीन मी, पाटावर उभी राहून."

"नाही लावायची."

"बरं," ती म्हणते. तिचं हे 'बरं' मी लहानपणापासून ऐकते आहे.

काल मी पाइप घेतला. कोळशाची आणि मिठाची पोती डिकीत आहेत. वायरमन परतला आहे, त्याला शनिवार सांगितला आहे, ठोकळे काढायला भाऊजी तयार आहेत. खणायला दोन माणसं मात्र अजून मिळालेली नाहीत. ती नाही मिळाली तर भाऊजी आणि मी. वहीत शनिवारसाठी केलेल्या यादीतल्या सगळ्या ओळींपुढे खूण झाली आहे, एक सोडून: ताईकडे खड्डा खणणे.