हिंगणीचं विरजण

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो: हिंगणीच्या खड्ड्यातलं खत हिंगणीचं नव्हतं. यात ज्याला मी फसवलं, त्याच्याइतकं प्रेम कचऱ्यावर करणारा दुसरा माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नसेल. लोक देवळात शिरतात तसे आमचे भाऊ उकिरड्यात शिरत, चप्पल बाहेर काढून.

भाऊ माझे सहकारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आणीबाणी उठल्यानंतरच्या त्या वर्षांत एका संस्थेनं आम्हाला दोन सायकली दिल्या आणि कचऱ्याचं खत कसं करायचं ते गावोगाव शिकवायला धाडलं. मी फळ्यावर शिकवायचो. भाऊ थेट उकिरडा वाचायचे. घरातला कचरा जुन्या धोतरावर पसरायचा, कुजणारा नि न कुजणारा असे दोन ढीग करायचे, आणि जाता जाता घरातल्यांची कुंडलीही मांडायची. सिंदी मेघ्यात, विडी सोडल्याचं सांगत फिरणाऱ्या एका गृहस्थाच्या कचऱ्यातून त्यांनी सात थोटकं काढून ओळीनं लावली. "हे कुजते बाई, काळजी नाई," असं त्याच्या बायकोला सांगून ते पुढच्या घरी गेले. गृहस्थाला आठ दिवस चहा मिळाला नाही म्हणतात. लग्नातही भाऊ मांडवात न जाता उष्ट्या पत्रावळी टाकतात तिथं उभे राहायचे. एका वधूपित्याला दया आली.

"बाबाजी, इथं काऊन उभे? आत या ना, ताजं वाढतो."

"मले जेवाचं नाई. तुमच्या पत्रावळी पाह्यजे."

आणि पोतंभर पत्रावळी सायकलला बांधून निघालेसुद्धा.

हिंगणीला भाऊंनी एक छोटा खड्डा भरून घेतला. शेण, पालापाचोळा, कपाशीच्या बारीक केलेल्या पऱ्हाट्या. चार महिन्यांनी तो गावासमोर उघडायचा होता. दर आठवड्याला जाऊन त्यावर पाणी मारायचं काम माझं. मी दोनदा गेलो. बाकीचे आठवडे वर्ध्यात सिनेमे पाहिले. "पाणी मारलं का?" भाऊ विचारायचे, आणि मी हो म्हणायचो. उघडायच्या आदल्या दिवशी काठी खुपसली तर आत सगळं कोरडं, पऱ्हाट्या जशाच्या तशा. मग केळझरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडचं दोन वर्षं मुरलेलं खत बैलबंडीत घातलं, आणि भरदुपारी, गाव शेतात असताना, खड्डा रिकामा करून त्यात भरलं.

दुसऱ्या दिवशी खड्डा उघडला. खत चहाच्या भुकटीसारखं काळंभोर. भाऊंनी मूठभर उचललं, हुंगलं, नि पुन्हा हुंगलं. "चार महिन्यांत असं म्या कधी नाई पाह्यलं गड्या," ते म्हणाले. "ह्या मातीतच काही आहे."

त्यांनी तिथली पिशवीभर माती घेतली. तेव्हापासून दर नव्या खड्ड्यात, दुधाला विरजण लावावं तशी, हिंगणीची मूठभर माती पडायची, आणि गावाला चहाच्या भुकटीसारख्या खताचा शब्द दिला जायचा. चार महिन्यांनी निघायचं ते अर्धंकच्चं, चार महिन्यांत एरवी कुठंही निघतं तसंच. लोक भाऊंना हसू लागले. "गुरुजी, तुमचं हिंगणीचं दही आमच्याकडं काऊन लागून नाई राह्यलं?" दोन गावांनी तर खड्डे बुजवून टाकले. भाऊंनी गावांना बोल लावला नाही. "माहंच कुठं तरी चुकून राह्यलं," म्हणत ते रविवारी सायकल काढायचे नि हिंगणीहून ताजी माती आणायचे. एकदा मला म्हणाले, "तू नेमानं पाणी मारलं, त्याचा गुण असंन. तुह्या हाताले यश आहे." मी सायकलची चेन बसवत होतो. चेन बसली होती, तरी बसवत राहिलो.

भाऊ आता सिंदी मेघ्यात मुलाकडे असतात. सायकल सुटली आहे. गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी खिळ्यावरची तीच कापडी पिशवी काढून माझ्या हातात दिली. "तिकडं गेला तं भरून आणजो. दारातल्या कुंडीत एक डाव करून पाहू."

आणतो म्हणालो. पिशवी अजून माझ्या घरी आहे. ती त्यांना रिकामीच परत द्यायची आहे, आणि मी पाणी मारलं नव्हतं, खतही केळझरचं होतं, हे सांगायचं आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो.