न्यूट्रॉनांना न दिसलेलं शिसं

आमच्या धानाच्या बांधीला, म्हणजे भातशेताला, लागून कुणीतरी टिनाचं शेड टाकलं आणि तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवू लागलं. पुढे शेड उठलं, पण काळी राख पावसाच्या पाण्याबरोबर बांधीत उतरली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मोठ्या भावाची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावी आली. घरात भात त्याच बांधीचा. भावाने फोन केला, "अरे, तू मातीचंच काम करतं ना? थोडी आमची पाहून दे. पोरगी पोटुशी हाय."

मी तेव्हा अणुभट्टीजवळच्या प्रयोगशाळेत होतो. मातीवर न्यूट्रॉनांचा मारा केला की ती किरणोत्सारी होते, मग तिच्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांवरून धातू ओळखायचे. चिमूटभर मातीत आर्सेनिकचा मागमूस असला तरी सापडतो. घरचं काम म्हणून मी ते मोठ्या हौसेने केलं. आर्सेनिक, क्रोमियम, जस्त, सगळं ठीक निघालं. भावाला सांगितलं, "माती चांगली हाय, खाऊ दे तिले."

या पद्धतीला शिसं जवळपास दिसतच नाही. नव्याने कामाला येणाऱ्यांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो. आणि बॅटरीत असतं काय, तर शिसंच. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. माझा त्या यंत्रावर फार जीव होता म्हणून ते ध्यानातच आलं नाही, दुसरं कारण माझ्यापाशी नाही.

पुतणीला मुलगी झाली. काही महिन्यांनी बाळ सुस्त पडून राहू लागलं, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. शिसं निघालं, आईच्याही रक्तात. मग मी तीच माती दुसऱ्या पद्धतीने तपासून घेतली. शिशाने भरलेली होती.

गावी जाऊन सगळं खरं सांगितलं. भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "तुह्या मशीनले दिसत नोहतं, त तसं सांगाचं ना बापा. मी बाजारातून तांदूळ आणला असता." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आता माती साफ होते काय?"

मी नाही म्हणालो. आपल्या हयातीत तरी नाही.

पुतणी ओसरीवर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. "काका, मी हिले अंगावरच पाजून राहिली. पाजू का नको?"

मी म्हणालो, "डॉक्टरले विचारून सांगतो." बाळ भुकेने रडत होतं.