डावीकडचं आभाळ

कारखान्याच्या बसमधल्या बायकांनी ड्रायव्हरचं नाव सावकाशमामा ठेवलं होतं. गियर टाकण्याआधी ते आरशात बघून दरवेळी म्हणायचे, "बसल्या का सगळ्या? सावकाश, सावकाश." बस कधी वेळेआधी पोचली नाही, पण त्यांच्या हातून कधी कुणाला खरचटलंही नाही, आणि याचा त्यांना मनापासून अभिमान होता. त्यांची बायको त्याच कारखान्यात शिलाई मशीनवर होती. ती दारालगतच्या पहिल्या सीटवर बसायची. घरी नवऱ्याशी बोलत नाही एवढं ही त्याच्या पाठीशी बोलते, म्हणून मैत्रिणी तिला चिडवायच्या.

विमानाचं खूळ मामांच्या डोक्यात पन्नाशी उलटल्यावर शिरलं. गावाबाहेरच्या मैदानावर सुट्टीच्या दिवशी काही हौशी माणसं रिमोटवर विमानं उडवायची. मामा तिथे मान वर करून इतका वेळ उभे राहिले की घरी आल्यावर मानेला तेल चोळावं लागलं. चोळता चोळता बायको म्हणाली, "घ्या की एक. जन्मभर रस्त्याकडे बघितलंत, आता जरा वर बघा."

असल्या विमानांचं दुकान एका जिन्याखाली होतं. मालकीणबाईंच्या बोटांवर गोंदाचे वाळलेले पापुद्रे होते. मामांनी आत शिरताच एका चंदेरी, टोकदार विमानावर बोट ठेवलं. "हे द्या."

"पहिलंच का?"

"पहिलंच. पण बस चालवतो मी. हात बसलेला आहे."

"बसमध्ये तुम्ही आत असता," बाई म्हणाल्या. "इथे तुम्ही खाली, विमान वर. ते तोंड करून तुमच्याकडे आलं की त्याचं डावं ते तुमचं उजवं. भलेभले गडबडतात." त्यांनी खालच्या फळीवरून दुसरं खोकं ओढलं. आत फोमचं पिवळं, गुबगुबीत विमान होतं. पंख अंगाच्या वर बसवलेले, आणि नाक आपटलं तरी मोडू नये म्हणून पंखा मागच्या बाजूला. "हे हळू उडतं. हात सोडलेत तर आपलं आपण सरळ होतं. पहिलं विमान पडायलाच घ्यायचं असतं. पडलं की चिकटवायचं आणि पुन्हा सोडायचं."

"बदकासारखं दिसतंय हो."

"बदक निदान उडतं. तुमचं ते चंदेरी पहिल्याच दिवशी पोत्यात भरून आणाल. शिवाय चंदेरी रंग आभाळात विरघळतो. नजरेतून सुटलं की विमान गेलंच म्हणून समजा."

बायको खो खो हसली आणि बदक घरी आलं.

समोर आणि उजवीकडे ते छान उडायचं. डावीकडे वळलं की मात्र नाहीसं व्हायचं. मामा रिमोट धरून आभाळ धुंडाळत राहायचे आणि धप्प असा आवाज यायचा. पहिल्यांदा त्यांनी उन्हाला दोष दिला. मग ढग आलेल्या दिवशीही तेच झालं, तेव्हा पिवळ्या रंगाला दिला. बायको गवतातून तुकडे वेचून आणायची. ती एकदा म्हणाली, "मला तर दिसत होतं." मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्याच दिवसांत बसचा डावा आरसा तडकला. डेपोत कुणीतरी ठोकला असेल, असं मामा म्हणाले. झाडांच्या फांद्या बायकोच्या खिडकीवर खरखरून जाऊ लागल्या. पूर्वी त्या लागत नसत. मग एका सकाळी ती "अहो!" म्हणून एवढ्या जोरात किंचाळली की मामांनी करकचून ब्रेक दाबला. दाराला चिकटून एक फळांची गाडी उभी होती, आणि गाडीवाला तोंडाला येईल ते बोलत होता.

"हा कुठून उपटला मध्येच?" मामा म्हणाले.

उपटला नव्हता. बायको त्याला कोपऱ्यापासून बघत आली होती. कारखाना येईपर्यंत तिने समोरच्या दांड्यावरचा हात काढला नाही, आणि त्या दिवशी तिच्या हातून सुया मोडत राहिल्या.

मामा पुन्हा दुकानात गेले. "मोठं द्या, भडक रंगाचं. हे गायब होतं."

"लांब गेल्यावर?"

"छे, जवळच असतं. डावीकडे गेलं की नसतं. पुन्हा येतं ते भलतीकडूनच."

बाईंचा खोक्याकडे गेलेला हात थांबला. "आत्ता काही घेऊ नका," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी मी मैदानावर येते."

त्या आल्या त्या मोठं केशरी विमान घेऊन. रिमोट त्यांनी स्वतःच्याच हातात ठेवला. "तुम्ही फक्त समोरच्या खांबाकडे बघा. मान हलवायची नाही. दिसतंय का तेवढं सांगत राहा."

विमान संथ घिरट्या घालू लागलं.

"दिसतंय?"

"हो."

"आता?"

"हो, हो."

"आता?"

"गेलं."

बायकोने वर पाहिलं. विमान खांबापासून जेमतेम हातभर डावीकडे घरघरत होतं. त्याची चाकंसुद्धा तिला दिसत होती.

"आता, मामा?"

"नाहीये हो. आवाज येतोय नुसता."

बाईंनी तीच घिरटी पुन्हा पुन्हा घातली. त्याच जागी मामा पुन्हा पुन्हा "गेलं" म्हणाले, आणि दरवेळी त्यांचा आवाज खाली खाली गेला. शेवटी त्यांनी मान वळवली. विमान तिथेच होतं, केशरी, मोठंच्या मोठं.

बाईंनी विमान उतरवलं. स्कूटरवर दोघं आली होती, पण परतताना मामांनी ती चालू केली नाही. घरापर्यंत ढकलत नेली. बायको त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती.

सकाळी मामा गणवेश चढवून तयार झाले. बायको दारात आडवी उभी.

"आजच्या दिवस जाऊन येतो," ते म्हणाले. "ऐनवेळी दुसरा ड्रायव्हर कुठून आणतील ते?"

"जा. पण त्या बसमध्ये मी चढणार नाही आणि एकीलाही चढू देणार नाही. दारात बसेन."

मामा बराच वेळ बूट बांधत राहिले. मग डेपोत जाऊन त्यांनी साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली.

डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाने टिकवू.

"पण मला काळं काही दिसत नव्हतं," मामा म्हणाले. "रस्ता स्वच्छ दिसायचा."

"तेच वाईट. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचंच पाहून भरून टाकतो. तुम्हाला दिसायचा तो रस्ता असेलच असं नाही."

पुढच्या सुट्टीला मामा बसच्या वाटेने पायी निघाले. बायकोही गेली. ते मान वळवून वळवून डावी बाजू बघत होते. अरुंद वळणावर ते थबकले. तिथे एक ठेंगणं फाटक होतं. वर रंगीत फुगे काढलेले, आत घसरगुंडी.

"हे काय आहे?"

"बालवाडी. वर्ष होऊन गेलं की सुरू होऊन."

मामा फाटकाजवळ गेले. बाजूचा सिमेंटचा खांब कमरेइतक्या उंचीवर खरवडला होता, आणि त्या ओरखड्यात निळा रंग बसला होता, कंपनीच्या बसचा. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. आतून पोरांचा गलका ऐकू येत नव्हता, कारण तो दिवस सुट्टीचा होता.