दुमजली घराचा टॅक्स

सांगणार नव्हतो. पण तुम्ही लोक चहा पाजता तो काही धर्म म्हणून नाही, हे मला कळते. माझी फजिती ऐकल्याशिवाय तुमच्या घशाखाली चहा उतरत नाही. तर ऐका. पण मध्ये हसायचं नाही. हसायची जागा आली की मीच सांगीन.

माझा एक साडभाऊ आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या लहान बहिणीचा नवरा. नाव आत्ता घेत नाही. नाव घेतलं की मला चहा कडू लागतो. आधी जवाहरनगरला एका ठेकेदाराकडे वेल्डिंग करायचा, सायकलला डबा टांगून जायचा. तेव्हा माणूस बरा होता. मग कोणाच्या तरी नादानं मस्कतला गेला. आमच्या सासऱ्याला पोरगा नव्हता, म्हणून सानगडीजवळच्या आपल्या गावी त्यानं एक जागा मला दिली आणि तिला लागून एक त्याला. जागा सारख्याच. माझ्या जागेवर मातीचं घर उभं राहिलं आणि त्याच्या जागेवर स्लॅबचं. गावातलं पहिलं स्लॅब. मग बायकापोरांनाही तिकडेच घेऊन गेला. घराला कुलूप, आणि किल्ली कोणाच्या करदोड्याला? माझ्या.

किल्लीमागून घरटॅक्सही आला. मालक मस्कतला, म्हणून पंचायतीचा चपराशी त्याचं बिल माझ्या हातात द्यायचा. पैसे तो पाठवायचा, रांगेत मी उभा राहायचो. मला पाहिलं की कारकून म्हणायचा, "या, मस्कतवाल्याचे साडभाऊ." अरे, मला बापानं ठेवलेलं नाव आहे. ते गावात कोणी घेईना झालं.

अशात फेरआकारणी आली. म्हणजे ग्रामसेवक टेप घेऊन घरोघरी फिरते, भिंत मातीची का सिमेंटची, खोल्या किती, सारं पाहते आणि नवीन टॅक्स लावते. मी म्हटलं, आता सापडला मस्कतवाला.

ग्रामसेवकाला आणि सोबतच्या दोन पंचांना मी स्वतः बोलावून नेलं. कुलूप उघडलं. मोझॅकची फरशी दाखवली. भिंतीचा गुलाबी रंग दाखवला. संडासाचं दार दोनदा उघडून दाखवलं, कारण पहिल्यांदा साहेबांचं लक्ष नव्हतं. "लिवा साहेब, काही सोडू नका," म्हटलं.

इथवर ठीक होतं. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. ग्रामसेवकानं त्या घरात शिरताना चपला बाहेर काढल्या होत्या. बंद घर. आत माणूस नाही, देव नाही, पेटती चूल नाही. तरी चपला काढल्या.

मग तो माझ्या घरासमोर आला आणि रस्त्यावरूनच म्हणाला, "हे कच्चं दिसतंय. माती, छपरावर कवेलू. एक खोली लिहून टाका."

तुम्ही असता तर हात जोडले असते. टॅक्स जवळपास माफच झाला होता की. मी काय केलं?

"रस्त्यावरून काहून मोजता?" मी म्हणालो. "आत या. अन् चपला काढा."

बिचारा आला. धान भरायची बांबूची ढोली जिथं उभी होती, तो कोपरा मी गोदाम म्हणून लिहायला लावला. बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला आम्ही आंघोळ करायचो, ते बाथरूम झालं. बैलांचा कोठा झाला मागचा हॉल. तो मोजताना टेपचं टोक बैलानं तोंडात धरलं, सोडवायला दोन्ही पंच लागले. आणि तेवढ्यात मला सुचलं. साडभावाचं घर कितीही गुलाबी असो, होतं एकमजलीच.

"वरचा मजला रायला, साहेब."

ग्रामसेवकानं वर पाहिलं. मी माळा दाखवला. जिना विचारला, तर शिडी दाखवली.

चुलीपासून बायको म्हणाली, "अवो, तिथं तं भोपळे हायत."

"कोणी मजल्यावर मानसं ठेवते, आपण भोपळे ठेवतो," मी म्हणालो. "मजला तो मजलाच."

एक पंच भिंतीकडे तोंड करून खोकत होता. दुसरा म्हणाला, "मालक सोता सांगून रायले, साहेब. लिवा दुमजली." मी खाली सही केली. अंगठा नाही, सही. तीसुद्धा साडभाऊ सही करतो म्हणूनच शिकलो होतो.

पुढं चपराशानं दोघांची बिलं आणून दिली. मला वाचता फार येत नाही, पण आकडे कळतात. माझं मोठं होतं. मस्कतवाल्यापेक्षा मोठं! खरं सांगू? आनंद झाला. ते बिल घेऊन टपरीवर गेलो, दिसेल त्याला दाखवलं. घरी आलो तर बायकोनं एवढंच विचारलं, "भराचं कायातून?"

घरात विकण्यासारखा होता तिचा बोकड. पिलू असतानापासून तिनं वाढवलेला, अंगणात तिच्या मागं मागं फिरायचा. ती म्हणाली, "बोकडाले हात लावसान तं पाहा. सोमवारी पंचायतीत हरकती आयकून रायले. जा, अन् सांगा, माती, कवेलू, एक खोली. बस."

मलाही पटलं. वाटेनं पाठ करत गेलो. माती, कवेलू, एक खोली.

आता माझं नशीब पाहा. आदल्याच दिवशी तो मस्कतवाला सुटीवर आला होता. पंचायतीच्या ओट्यावर सारं गाव खाली बसलेलं, आणि हा खुर्चीवर. मला या गावानं अजून खुर्ची दिली नाही. त्यानं अत्तर असं लावलेलं की पुढं बसलेले शिंकत होते.

माझं नाव पुकारलं. बापानं ठेवलेलं, पुरं नाव. उभा राहिलो. "माती," म्हणालो.

आणि तो उठला. चांगल्या मनानं उठला, असं बायको आजही म्हणते.

"साहेब, माह्या साडभाऊ गरीब मानूस हाय," तो म्हणाला. "त्याले सूट द्या. नाई तं त्याचं बी मीच भरून टाकतो."

ओट्यावरचे सगळे माझ्याकडे पाहत होते. मातीच्या पुढचं सारं पाठांतर तिथंच गेलं.

"गरीब कोन?" मी म्हणालो. "दुमजली घर हाय माह्यं. एक पैसा कमी करू नका, साहेब. माह्यी हरकत अशी हाय, का मांगच्या हॉलची खिडकी लिवाची रायली. ते लिवा."

ग्रामसेवकानं लिहिलं.

आता हसा.

बोकड सानगडीच्या बाजारात गेला. घेतला कोणी? मस्कतवाल्यानं. परत जायच्या आधी त्याला गावजेवण घालायचं होतं. बोलावणं मलाही आलं. बायको त्या दिवशी जेवली नाही. मी गेलो. नसतो गेलो तर लोक म्हणाले असते, जळते. रस्सा दोनदा घेतला. चांगला झाला होता, हेच वाईट.

मस्कतला निघताना त्यानं किल्ली पुन्हा माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "घरटॅक्साकडं लक्ष ठेवजो, साडभाऊ."

एका पावसात माळ्याचं लाकूड मोडलं आणि भोपळे खाली आले. पंचायतीच्या कागदावर घर अजून दुमजली आहे आणि मी तसाच टॅक्स भरून राहिलो. कमी करून घ्यायचा तर ओट्यावर उभं राहून सांगावं लागेल की मजला पडला. आणि तो आता मस्कत सोडून कायमचा शेजारी येऊन बसला आहे. खुर्ची त्याची तिथंच असते.

बोकडाचं मी काही म्हणत नाही. तो मीही खाल्ला. पण भर पंचायतीत मला गरीब म्हणाला, त्याची माफी अजून आली नाही. घर लागून आहे, कुंपणावरून मागितली तरी चालेल. त्याचं नाव विचारता ना? सुखदेव.