जिथे बँड थांबत असे

चंद्रपूरहून आलापल्लीची बस सुटण्यापूर्वीच मी दोनदा जागा बदलली होती. कुठेच बसवत नव्हते. सतरा वर्षांनी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, मी त्या गावी निघालो होतो, आणि माफी मागायला.

आलापल्लीच्या अलीकडच्या त्या गावात मी शिक्षक होतो. तिथल्या बौद्ध वस्तीने नागपूरहून जुनी वाद्ये आणून आपला बँड उभा केला होता. सगळे हौशी, दिवसभर लाकूड डेपोत नाहीतर शेतात राबायचे आणि संध्याकाळी विहारात तालीम करायचे. वस्तीतल्या लग्नाला, मयतीला, बुद्धपौर्णिमेच्या मिरवणुकीला तोच बँड. त्यांच्या वाडवडिलांना गावाच्या हुकमावरून वाजवावे लागे. हा बँड कोणाच्या हुकमाने वाजणार नव्हता.

पहिल्याच मिरवणुकीत देवळासमोर वाद झाला. गावकऱ्यांनी मला मध्यस्थ केले. माझे जेवण त्यांच्याकडे, खोली त्यांची. बदली होईल ही भीतीही होती. मी सुवाच्य अक्षरात तडजोड लिहिली : पारापासून विहिरीपर्यंत, देवळापुढच्या चाळीस पावलांत, बँड वाजणार नाही. बँडमास्तर दयारामने खाली सही केली. ती सही प्रौढवर्गात मीच त्याला शिकवली होती.

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली आणि थोड्या वेळाने टायर बसले. दीड तास पानगळ झालेल्या सागांखाली उभे राहिलो. खरे तर मी उभा नव्हतो, येरझारा घालत होतो. विडीसाठी तोडलेल्या तेंदूपत्त्याची पुडकी डोक्यावर घेऊन चाललेल्या एका बाईंनी विचारले, "काऊन जी, घरी कोनी बिमार हाये का?"

गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दयारामच्या दारात त्याची बायको ताराबाई सूप घेऊन बसली होती. मला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"या मास्तर. पुन्ना कागद लिवाले आलात का?"

दयाराम घरातून हसला. "अवं, जेवू तर दे त्याईले." भात, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि जवसाची चटणी वाढली. मी भात नुसताच चिवडत होतो. "वरन पसंत नाई वाटते मास्तरले," ताराबाई म्हणाली आणि आणखी एक पळी वाढून गेली.

जेवण झाल्यावर विहारात गेलो. बँडचे अकरा जण चिंच लावून चिंध्यांनी वाद्यांचे पितळ घासत बसले होते. मी वाटेत जुळवलेले सगळे बोललो. तो कागद मी भीतीपोटी लिहिला, त्याला काही अर्थ नाही. "आज देवळासमोर वाजवा," मी म्हणालो. "थांबू नका."

चिंध्या थांबल्या. दयारामने ट्रंपेट मांडीवर ठेवला.

"म्हंजे मास्तर, कुठी वाजवाचं अन् कुठी नाई, हे आतापन तुमीच सांगून राह्यले."

कोणीतरी फिसकन हसले. माझे कान तापले.

"आमाले नोका सांगू," तो शांतपणे म्हणाला. "तिकडं पारावर जा. त्याईले सांगा."

हे मी कधी मनात आणले नव्हते. ज्यांचे मन राखायला तो कागद लिहिला, त्यांच्यासमोर बोलायची तयारी मी केलीच नव्हती. दोनदा पाराजवळून पुढे गेलो, दोनदा परतलो.

शेवटी पारावरच्या विठोबाभाऊंपुढे उभा राहिलो. दोन वर्षे मी त्यांच्याच घरी जेवलो होतो.

"भाऊ, ती तडजोड चुकीची होती. रस्ता सगळ्यांचा आहे. मी तुम्हाला भ्यालो होतो."

"आमी का वाघ होतो का, मास्तर?"

"होतात," मी म्हणालो.

ते तपकिरीच्या डबीची उघडझाप करत राहिले. बसा म्हणाले नाहीत.

उन्हे कलल्यावर मिरवणूक आली. पारापाशी नेहमी वाद्ये खाली येत. दयारामने पाराकडे पाहिलेही नाही. ट्रंपेट तसाच ओठांना राहिला, बडा ढोल घुमत राहिला, आणि चाळीसच्या चाळीस पावले बँड वाजत गेला. विठोबाभाऊ उठून घरात गेले. बाकीचे बसूनच ऐकत होते.

मी धावत जाऊन ताराबाईला गाठले. "माझ्या बोलण्याने..."

"छ्या! परवाच ठरलं होतं तालमीत. तुमी नसते आले तरी वाजलंच असतं."

"मग मला पारावर का पाठवलं?"

"ते तुमचं काम होतं, मास्तर. बँडचं नाई." आणि ती बायकांच्या रांगेत पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच बसने परतलो. वाटेत मन थोडे हलके वाटत होते आणि त्याचीच लाज वाटत होती. आपण कोणावर तरी उपकार करायला निघतो आणि त्यालाच पश्चात्ताप समजतो, असे काहीसे वहीत लिहिले आणि खोडले.

घरी पोचलो. चप्पल काढायच्या आतच बायकोने विचारले, "केलं का त्यांनी माफ?"

तेव्हा ध्यानात आले. वाजवा म्हणून सांगितले, पारावर बोललो, वरणभात खाल्ला; माफी मात्र मी मागितलीच नव्हती.