मीठ तू घालायचं

शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. "काका गेले गे... झोपेतच." मग त्याच म्हणाल्या, "मागच्या फ्रिजात त्यांनी काल बरगड्या मसाला लावून ठेवल्यात. त्या बरगड्यांचं काय करू?" रविवारी मी तंजावरहून पापनाशमला त्यांच्याकडे जाणार होते; बरगड्या माझ्यासाठीच होत्या. "फ्रीजरमध्ये ठेवा," मी कसंबसं म्हटलं. डुकराच्या मांसाला काकूंनी आयुष्यात हात लावला नव्हता. त्या दिवशी, घरात माणसं जमायच्या आधी, त्यांनीच बरगड्यांचा डबा उचलून फ्रीजरमध्ये ठेवला.

काका बरीच वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. तिथे शिकलेलं हे बार्बेक्यू त्यांनी घरी आणलं, तेव्हा काकूंनी अट घातली... माझ्या स्वयंपाकघरातला चमचासुद्धा बाहेर जाणार नाही. म्हणून परसात, नारळीखाली, झाकण बसवलेलं तेलाचं पिंप आलं, पडवीत जुना फ्रिज आला आणि मीठसुद्धा वेगळ्या बाटलीत राहिलं. बरगड्यांच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा ते फडक्यात धरून एका ओढीत सोलायचे. मग चिंच, ताडगूळ, मिरी, आलं-लसूण आणि मीठ चोळून मुरायला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पिंपात एका बाजूला करवंट्यांचे निखारे, दुसऱ्या बाजूला मांस, झाकण बंद, आणि पाच तास नुसतं बसायचं. ते पाच तास मला फार आवडायचे. नोकरीचं काय, लग्नाचं काय, असं काका कधी विचारायचे नाहीत. हाडांची टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर आली की पहिला तुकडा मला द्यायचे आणि एकच शब्द विचारायचे, "उप्पु?" मीठ कसं झालंय? मी म्हणायची, "बरोबर आहे." दर वेळी हेच.

एकदा तसं म्हटलं आणि ते हसत सुटले. "अय्यो, आज मी मीठ घातलंच नाही गे! ऐकलंस का, ही पोर सासरी उपाशी राहील, पण तोंड उघडणार नाही!" खिडकीतून काकू म्हणाल्या, "तुमच्यासारखं तोंड चालवण्यापेक्षा बरं." मी ताटातच बघत राहिले. काका शेजारी येऊन बसले, हळू आवाजात म्हणाले, "तू खरं सांगितलं नाहीस, तर मला कळणार कसं?" त्यानंतरही मला जमलं नाही. "बरोबर आहे" म्हटलं की ते नुसते हसायचे.

ते गेले त्याच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला होता. "बाकी सगळं मी लावून ठेवतो. मीठ मात्र ह्या वेळी तू घालायचं. मी हात लावणार नाही."

महिन्याने काकूंनीच बोलावलं. "येऊन भाजून टाक. फेकायचं मन होत नाही." मी निखारे केले, बरगड्या काढल्या आणि मिठाची बाटली हातात घेऊन उभी राहिले. काका बोलायचे खरे, पण मिठाच्या बाबतीत त्यांना राहवायचं नाही. ते घालून मोकळे झाले असतील तर? मी घातलं आणि खारट झालं तर त्यांच्या हातचं हे शेवटचं वाया जाणार होतं. आणि घातलं नाही तर... विचारायला कुणी नव्हतं. शेवटी दोन चिमटी मीठ भुरभुरवलं आणि झाकण लावलं.

पाच तासांनी हाडांची टोकं दिसली. पहिला तुकडा तोंडात घातला. नाकाला पदर लावून काकू खिडकीत उभ्या होत्या.

"उप्पु?"

बरोबर आहे, हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

"कमी आहे, काकू," मी म्हटलं. "फारच कमी आहे."

त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी घातलंच नव्हतं..."

काकू खिडकीतून दिसेनाशा झाल्या. रडायला गेल्या असतील असं वाटलं. परत आल्या तेव्हा हातात त्यांच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी होती, आत लाकडी चमचा. गजांमधून त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "घे. नीट घाल."

ती बरणी अजून बाहेर, पिंपाशेजारच्या कट्ट्यावरच आहे. काकूंनी आत नेलेली नाही.